नवशिक्या नेमबाजासाठी दुर्बीण : कोणती घ्यावी, आणि कधी घेऊच नये

कुवेत : जून उजाडला की येथील भारतीय शाळांना सुट्टीचे वेध लागतात आणि मराठी घरांमध्ये बॅगा भरायला सुरुवात होते. गेल्या उन्हाळ्यात सालमियात राहणाऱ्या माझ्या एका मित्राच्या बॅगेत खजुराच्या डब्यांच्या जोडीला आणखी एक वस्तू जाणार होती. रात्री अकराच्या सुमारास त्याने व्हॉट्सॲपवर तीन छायाचित्रे पाठवली. तिन्ही रायफलवर बसवायच्या दुर्बिणींची होती. खाली मजकूर होता : ‘मुलीला पुण्यात नेमबाजीच्या वर्गाला घालतोय. यातली कोणती घेऊ? बजेट चाळीस दिनार.’

मी फोन केला. तो उत्साहात होता. पॅरिस ऑलिंपिकपासून त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीने नेमबाजीचा ध्यास घेतला होता. “हे बघ, स्वप्नील कुसाळे कोणती दुर्बीण वापरतो तेवढं सांग. त्याच जातीतली स्वस्तातली बघतो,” तो म्हणाला.

“कुठलीच नाही रे. त्याच्या रायफलवर दुर्बीण नसतेच.”

पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग प्रश्न आला, “मग इतक्या लांबचं दिसतं कसं?”

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आखातात, युरोपात वा अमेरिकेत राहणारे आपल्यापैकी अनेक पालक सुट्टीच्या तोंडावर असा विचार करतात, आणि नेमबाजीची पहिली खरेदी बहुधा चुकते. म्हणून दुर्बीण कशी निवडावी हे सांगण्याआधी ती कोणत्या खेळात लागते, हे पाहणे आवश्यक आहे.

ऑलिंपिकच्या रायफलवर भिंग नसते

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा नेमबाज. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळवलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक येण्यास ७२ वर्षे लागली. या प्रकारात लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. आणि तो पन्नास मीटरवरून साधायचा असतो.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या दोन्ही प्रकारांत रायफलवर दुर्बीण किंवा भिंग बसवता येत नाही. तिथे वापरतात ते ‘पीप साइट’. मागे डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती असते. पुढे नळीच्या टोकाशी एका छोट्या नळकांड्यात कडी असते. नेमबाज छिद्रातून पाहतो, कडीत लक्ष्याचे काळे वर्तुळ बरोबर मध्यभागी आणतो आणि कडी व काळा गोल यांच्यामधली पांढरी पट्टी सर्व बाजूंनी सारखी ठेवतो. बारीक छिद्रामुळे डोळ्याला जवळचे आणि लांबचे एकाच वेळी पुरेसे स्पष्ट दिसते. चष्मा चालतो, कारण तो डोळ्यावर असतो, बंदुकीवर नव्हे.

अंजली भागवत यांनी सिडनी २००० मध्ये अंतिम फेरी गाठली, सुमा शिरूर यांनी अथेन्स २००४ मध्ये. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला. हे सर्व यश भिंगाविना मिळालेले आहे.

आपण राहतो त्या कुवेतचेही तेच. या देशाच्या नेमबाजांची ऑलिंपिक पदके शॉटगनची आहेत. फहीद अल-दिहानी यांनी सिडनी २००० मध्ये डबल ट्रॅपचे कांस्यपदक मिळवले आणि कुवेतला पहिले ऑलिंपिक पदक दिले. २०१२ मध्ये लंडनला त्यांनी ट्रॅपचे कांस्य जिंकले. २०१६ मध्ये कुवेतवर बंदी असताना ते ऑलिंपिकच्या ध्वजाखाली खेळले आणि डबल ट्रॅपमध्ये सुवर्णपदक घेऊन आले. अब्दुल्ला अल-रशिदी यांनी रिओ आणि टोकियो येथे स्कीटमध्ये कांस्य जिंकले. टोकियोत ते साठीच्या उंबरठ्यावर होते. शॉटगनवर तर नळीच्या टोकाला जेमतेम एक मणी असतो.

थोडक्यात, आपल्या मुलाला वा मुलीला ऑलिंपिकच्या वाटेवर पाठवायचे असेल तर दुर्बिणीवर एक फिलही खर्च करू नका. भारतात जिल्हा पातळीवर ‘ओपन साइट’ आणि ‘पीप साइट’ अशा दोन गटांत एअर रायफलच्या स्पर्धा होतात; दुर्बिणीला कुठल्याच गटात जागा नाही. दुर्बिणीवर शिकलेल्या मुलाला पुढे पीप साइटवर सगळे नव्याने शिकावे लागते. एकच अपवाद म्हणजे तिपाईवर ठेवलेली वेगळी दुर्बीण. ५० मीटरच्या कागदी लक्ष्यावर गोळी कुठे लागली हे पाहण्यासाठी ती चालते. रायफलला जोडलेली मात्र चालत नाही.

मग दुर्बीण लागते कुठे?

नेमबाजी म्हणजे फक्त ऑलिंपिक नव्हे. ‘बेंचरेस्ट’ प्रकारात रायफल टेबलावर आधार देऊन ठेवतात आणि कागदावरच्या छोट्या वर्तुळांवर एकेक छर्रा सोडतात. ‘फील्ड टार्गेट’मध्ये मोकळ्या जागी वेगवेगळ्या अंतरांवरची धातूची लक्ष्ये पाडायची असतात आणि अंतराचा अंदाज नेमबाजाने स्वतः घ्यायचा असतो. ब्रिटनमध्ये हा खेळ चांगला रुजला आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील अनेक क्लबांमध्ये .२२ रायफलची बेंचरेस्ट ही चाळिशी-पन्नाशीतल्या नोकरदारांची शनिवार सकाळ असते. शिवाय गावच्या घरामागे, सुरक्षित बंधाऱ्यासमोर कागदावर नेम धरण्याचा निखळ आनंद आहेच. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे झालेल्या डोळ्यांना तर दुर्बीण मोठाच आधार देते.

यांपैकी काही आपल्याला करायचे असेल तर पुढचे वाचा.

‘३-९×४०’ ही पाटी कशी वाचावी

प्रत्येक दुर्बिणीवर आकडे लिहिलेले असतात. ३-९×४० याचा अर्थ असा : लक्ष्य तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठे करून दाखवता येते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. ४×३२ म्हणजे कायम चौपट, भिंग ३२ मिलिमीटर.

दुकानातला पहिला मोह असतो मोठ्या आकड्याचा. ६-२४×५० ही पाटी ३-९×४० पेक्षा भारदस्त वाटते आणि स्वस्त मालात ती त्याच किमतीला मिळते. पण आकड्यांमागे एक साधा भागाकार आहे. भिंगाच्या व्यासाला मोठेपणाने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४० ला ९ ने भागल्यास सुमारे ४.४ मिलिमीटर, ५० ला २४ ने भागल्यास जेमतेम २.१. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, त्यामुळे २.१ चा झोत पुरेसा वाटेलही. पण डोळा केसभर हलला की चित्र काळवंडते. नवशिक्याचा डोळा तर सतत हलतच असतो. शिवाय चोविसपट मोठेपणा लक्ष्याइतकाच हाताचा थरकापही मोठा करून दाखवतो. फुली नाचू लागते, मन घाबरते आणि बोट चाप झटक्यात ओढते.

दहा ते पन्नास मीटरच्या कागदी लक्ष्यासाठी चारपट ते नऊपट मोठेपणा नवशिक्याला भरपूर होतो. त्याच पैशात जास्त आकडे देणाऱ्या उत्पादकाने काटकसर भिंगांच्या दर्जात केलेली असते, हे गृहीत धरावे.

पॅरलॅक्स : पाटीवर न दिसणारा खरा आकडा

माझ्या मते एअर रायफलसाठी दुर्बीण निवडताना सर्वांत महत्त्वाची बाब ही आहे, आणि विक्रेते नेमकी तीच सांगत नाहीत.

दुर्बिणीतून पाहताना डोके किंचित डावी-उजवीकडे हलवा. रायफल स्थिर असूनही फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते का? तोच पॅरलॅक्स. लक्ष्याची प्रतिमा आणि फुली दुर्बिणीच्या आत एकाच प्रतलात नसल्या की तो उद्भवतो. प्रत्येक दुर्बीण एका ठरावीक अंतरासाठी जुळवलेली असते. शिकारीच्या मोठ्या रायफलसाठी केलेली साधारण शंभर यार्डांना आणि .२२ साठी केलेली बहुधा पन्नास यार्डांना जुळवलेली असते. एअर रायफल आपण वापरतो दहा ते पंचवीस मीटरवर.

त्याने काय बिघडते? शंभरावर जुळवलेली, ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण दहा मीटरवर वापरली आणि डोळा झोताच्या अगदी कडेला गेला, तर नेमातली चूक जास्तीत जास्त १८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. १० मीटर एअर रायफलचे अख्खे लक्ष्य ४५.५ मिलिमीटरचे असते आणि त्यातली वर्तुळे एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर. म्हणजे बंदुकीचा वा हाताचा काहीही दोष नसताना छर्रा सात वर्तुळे दूर जाऊ शकतो. प्रत्यक्षात डोळा इतका कडेला क्वचितच जातो. पण त्याच्या पाव भाग चूकही नवशिक्याला आपणच वाईट नेमबाज आहोत असे पटवून द्यायला पुरेशी आहे. आणखी एक अडचण म्हणजे अशी दुर्बीण दहा मीटरवर नऊपट लावली की लक्ष्य धूसरच दिसते.

म्हणून पाटीवर ‘एओ’ ही अक्षरे आहेत का ते पाहा. पुढच्या भिंगाभोवतीची कडी फिरवून अंतर जुळवण्याची ती सोय आहे. काही दुर्बिणींत हेच काम डाव्या बाजूची चक्री करते. कडीवरचा सर्वांत लहान आकडा १० यार्ड किंवा त्याहून कमी असावा. ही सोय नसेल, तर निदान .२२ किंवा एअर रायफलसाठी म्हणून बनवलेली दुर्बीण घ्यावी.

स्प्रिंगच्या बंदुकीचा उलटा धक्का

आता माझ्या स्वतःच्या फजितीबद्दल. काही वर्षांपूर्वी सुट्टीत गावी गेलो असताना मी एक स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल वापरत असे. नळी मोडून ताणायची, आपल्याकडे सर्वत्र दिसते ती. तिच्यासाठी मी एक चकचकीत दुर्बीण घेतली. मोठे भिंग, लाल-हिरवा प्रकाश, किंमत नगण्य. पहिल्या दिवशी पंचवीस मीटरवर छर्रे रुपयाच्या नाण्यात बसत होते. पाचशे छर्ऱ्यांचा पहिला डबा संपत आला तसे ते बशीएवढे पसरू लागले. मी छर्रे बदलले, नळी साफ केली, स्वतःला दोष दिला. अखेरीस एका सकाळी डोळा लावला तर आतली फुलीच तिरकी झाली होती. विक्रेत्याने हमीचा कागद पाहिलासुद्धा नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. गोळीच्या रायफलचा धक्का मागे येतो, आणि सर्वसाधारण दुर्बीण तो सोसण्यासाठी बांधलेली असते. स्प्रिंगच्या बंदुकीत मात्र जड दट्ट्या आधी पुढे झेपावतो, तेव्हा बंदूक मागे जाते; आणि लगेच दट्ट्या हवेच्या उशीवर आदळून थांबतो, तेव्हा बंदूक पुढे हिसका खाते. हा उलटा हिसका स्वस्त दुर्बिणीतली भिंगे आणि फुली सैल करतो. मोठ्या रायफलवर वर्षानुवर्षे टिकणारी दुर्बीण साध्या छर्ऱ्याच्या बंदुकीवर महिन्याभरात बिघडू शकते, ती यामुळे.

तेव्हा दोन गोष्टी पाळाव्यात. दुर्बीण स्प्रिंगच्या एअर रायफलवर चालेल, असे उत्पादकाने लेखी म्हटलेले असावे. आणि तिला धरणारा माउंट एकसंध असावा, त्याला बंदुकीवरच्या खाचेत अडकणारी खुंटी असावी. नाहीतर दर फैरीला दुर्बीण कणाकणाने सरकत राहते. माउंट घेण्याआधी बंदुकीवरचा रुळ कोणता ते पाहा. एअर रायफलवर बहुधा ११ मिलिमीटरचा डव्हटेल असतो आणि मोठ्या रायफलवर रुंद खाचांचा पिकॅटिनी. एकाचा माउंट दुसऱ्यावर बसत नाही. दुर्बिणीची नळी एक इंची आहे की ३० मिलिमीटरची, तेही पाहावे. दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या पीसीपी रायफलला हा हिसका जवळपास नसतो, त्यामुळे तिच्यावर साधी दुर्बीणही टिकते.

क्लिकचे गणित

दुर्बिणीच्या वरच्या आणि उजव्या बाजूला दोन बुटक्या चक्र्या असतात. वरची छर्रा वर-खाली नेते, बाजूची डावी-उजवीकडे. फिरवताना ‘टिक्’ असा आवाज येतो, तोच क्लिक. बहुतेक दुर्बिणींवर एक क्लिक म्हणजे पाव मिनिट असते. हे मिनिट घड्याळाचे नव्हे, कोनाचे : एका अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर. त्यावरून पाव मिनिटाचा एक क्लिक शंभर मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर, पन्नासवर ३.६, पंचवीसवर १.८ आणि दहा मीटरवर जेमतेम ०.७ मिलिमीटर भरतो.

समजा, पंचवीस मीटरवर पाच छर्ऱ्यांचा झुबका मध्यापासून ३६ मिलिमीटर खाली पडला. ३६ ला १.८ ने भागा : वीस क्लिक वर. एका छर्ऱ्यावरून चक्री कधीही फिरवू नये. पाच छर्रे मारावेत, झुबक्याचा मध्य शोधावा आणि मगच हात लावावा. जुळवणी दहा मीटरवर सुरू करावी, म्हणजे छर्रा निदान कागदावर तरी लागतो. मग हव्या त्या अंतरावर जावे. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसलेली असल्याने दहावर जुळवलेला नेम पंचवीसवर तसाच लागत नाही, हे ध्यानात ठेवावे.

बसवताना डोळा आणि मागचे भिंग यांच्यात साधारण आठ ते दहा सेंटिमीटर अंतर राहावे. फुली अस्पष्ट दिसत असल्यास मागचे भिंग कोऱ्या भिंतीकडे पाहून फिरवावे. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो. आणि लक्ष्यामागे काय आहे हे पाहिल्याखेरीज एकही छर्रा सोडू नये. दुर्बिणीतून लक्ष्य मोठे दिसते, आजूबाजूचे जग मात्र दिसेनासे होते.

कुवेतचे ऊन आणि मृगजळ

२१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधील मित्रिबाह येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने त्या नोंदीवर शिक्कामोर्तब केले. अशा हवेत जमिनीवरून उठणारे तापलेले थर दुर्बिणीत स्पष्ट दिसतात. लक्ष्य पाण्याखाली असल्यासारखे डुलते. आपल्या भाषेत यासाठी ‘मृगजळ’ हा नेमका शब्द आधीपासूनच आहे. मोठेपणा जितका जास्त, तितके मृगजळ अधिक. आखातात, राजस्थानात किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात चोविसपट दुर्बिणीचे शेवटचे निम्मे आकडे वापरताच येत नाहीत. अनुभवी नेमबाज पहाटेची वेळ निवडतात किंवा मोठेपणा उतरवतात.

बंद गाडीत दुर्बीण ठेवू नये. तिथले तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जाते आणि आतले वंगण व डिंक सैल पडू शकतात. धुळीच्या वादळानंतर भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसण्याचा मोह टाळावा. वाळूचा कण भिंगावर घासला की ओरखडा कायमचा राहतो. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश, आणि सर्वांत शेवटी मऊ कापड.

परवडणारी म्हणजे किती?

किमती देशागणिक बदलतात, तरी ढोबळ अंदाज असा. साधारण दहा ते वीस दिनारांत ४×३२ ची साधी दुर्बीण मिळते, पीसीपी किंवा.२२ वर कागदी लक्ष्यासाठी ती चालून जाते. तीस ते पंचावन्न दिनारांत अंतर जुळवण्याची कडी असलेली ३-९×४० मिळते. हॉक, बुशनेल, यूटीजी अशा नावांच्या प्राथमिक मालिका सामान्यतः याच पट्ट्यात येतात आणि नवशिक्यासाठी माझी शिफारस याच पट्ट्याची आहे. व्हॉर्टेक्सच्या प्राथमिक दुर्बिणींवर उत्पादकाची दीर्घ हमी असते. मात्र आपण राहतो त्या देशात ती कशी मिळवता येईल, हे आधी विचारून घ्यावे. याहून महाग दुर्बीण पहिल्या वर्षी घेण्यात अर्थ नाही. उरलेल्या पैशांत चांगला माउंट आणि चांगले छर्रे घ्यावेत. छर्ऱ्यांची जात बदलल्याने झुबक्यात पडणारा फरक दुर्बीण बदलण्याहून अनेकदा मोठा असतो.

दुकानात हातात घेऊन तपासता आली तर उत्तम. दोन्ही चक्र्यांचे क्लिक स्पष्ट आणि एकसारखे लागतात का, मोठेपणा बदलताना फुली जागेवर राहते का, चित्राच्या कडा मध्याइतक्याच स्वच्छ आहेत का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. प्रकाशमान फुली, लेझर, छोटा कंपास अशा जोडण्यांना भुलू नये.

बॅगेत ठेवण्याआधी कायदा

परदेशस्थ मराठी माणसासाठी हा भाग भिंगाहून महत्त्वाचा आहे. कुवेतमध्ये शस्त्रांचा विषय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येतो आणि विनापरवाना शस्त्रांबाबत कोणतीही सवलत नाही. इकाम्यावर राहणाऱ्या माणसाने एअर रायफल, तिचे भाग किंवा दुर्बीण ऑनलाइन मागवण्याआधी सीमाशुल्क विभागाकडून स्पष्ट उत्तर घ्यावे. ‘खेळण्यासाठी आहे’ हे स्पष्टीकरण पार्सल अडकल्यावर देणे आणि आधी देणे यांत नोकरीचा फरक पडू शकतो. अमेरिकेत तर बंदुकीच्या दुर्बिणी निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहेत. तिथल्या भावाने वा मित्राने सहज बॅगेत टाकून आणावी, अशी ही वस्तू नव्हे.

भारतात शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ पर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. .२२ च्या रायफलला लागतो. नवशिक्याने ती मान्यताप्राप्त क्लबातच हाताळावी. विमानातून काहीही नेण्यापूर्वी विमान कंपनीकडून लेखी परवानगी घ्यावी. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्या देशात वापरायचे, त्याच देशात खरेदी करणे.

कुवेतमध्येच हा खेळ पाहायचा-शिकायचा असेल, तर येथे शेख सबाह अल-अहमद ऑलिंपिक शूटिंग संकुल आहे. परदेशी रहिवाशांसाठी सध्या काय सोय आहे, हे तिथे थेट विचारावे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबची रायफल हाती घेणे हीच सर्वांत स्वस्त आणि निर्धोक सुरुवात असते. भारतात राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ पासून आहे. तिची स्थापना करणारे गणेश वासुदेव मावळणकर हे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची एक पात्रता स्पर्धा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुंबईत वरळीला आणि पुण्यात बालेवाडीला रेंज आहेत. खरेदीची यादी तिथला प्रशिक्षक देईल; दुकानदाराची यादी त्यानंतर पाहावी.

चाळीस दिनारांचे काय झाले

मित्राशी त्या रात्री तासभर बोललो. फोन ठेवताना तो म्हणाला, “खरं सांगू? वर्षभर तिच्यापासून लांब असतो. काहीतरी भारी वस्तू घेऊन जावी, एवढंच मनात होतं.” त्याची मुलगी आजी-आजोबांकडे पुण्यात शिकते, हे मला माहीत होतं, पण दुर्बिणीच्या तीन छायाचित्रांमागे ते असेल, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

त्याने दुर्बीण घेतली नाही. चाळीस दिनारांतून वर्गाची काही फी आणि छर्ऱ्यांचे डबे आले. रायफल क्लबची होती. सुट्टीतले बारा दिवस तो रोज सकाळी मुलीला रेंजवर सोडायला गेला आणि मागच्या बाकावर बसून राहिला. परत आल्यावर त्याने मला एक कागदी लक्ष्य दाखवले. दहा मीटरवरून, साध्या पीप साइटने मारलेले दहा छर्रे. दोन काळ्या गोलाच्या बाहेर, बाकी आत. दहाचे वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचे असते, पेनाने टेकवलेल्या टिंबाएवढे. त्याला एकही छर्रा लागलेला नव्हता. ते लक्ष्य आता त्याच्या सालमियातल्या घरी फ्रिजवर लावलेले आहे.